विहिरीत उतरलेलं डिझेल

पाण्याला डिझेलचा वास येतोय, हे पहिल्यांदा सांगितलं ते वाडीवरच्या सोनीनं. भाताची झोडणी आटोपून आठवडा झाला असेल. सकुबाई ओटीवर वाल निवडत बसली होती. सोनी नेहमीसारखी दोन हंडे घेऊन विहिरीवर आली, पोहरा वर ओढला, आणि पाणी हंड्यात न ओतता तशीच उभी राहिली.

"मावशे, पान्याला जीपगाडीचा वास येतोय गो."

"जीपगाडी तुझ्या नाकात गेली असंल," सकुबाई म्हणाली, पण उठली. ओंजळभर पाणी नाकाशी धरलं. वास होता. पोहऱ्यातल्या पाण्यावर एक पातळ रंगीत साय उन्हात इकडून तिकडे सरकत होती. सकुबाईनं ओंजळ झटकली आणि मान वळवून अंगणातल्या सिमेंटच्या लादीकडे पाहिलं. तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

त्या लादीवर ती उन्हाळ्यात मिरच्या वाळत घाली. लादीखाली टाकी होती, हे गावातले निम्मे लोक विसरून गेले होते. ती विसरली नव्हती. फक्त टाकी रिकामी आहे, असं इतकी वर्षं धरून चालली होती.

उंबरखोरे हे मुरबाड तालुक्यातलं, सिद्धगडाच्या पायथ्याकडचं गाव. पूर्वी ओढ्याला पूर आला की चार-चार दिवस रस्ता बंद व्हायचा. सकुबाईचा नवरा वाल्मिक यानं भाताची गिरण टाकली तेव्हा गावात वीज असून नसल्यासारखी होती. गिरण चालायची डिझेलच्या इंजिनावर. पावसाळ्यात डिझेल आणायचं कुठून? म्हणून त्यानं कल्याणच्या भंगारातून एका मोडक्या टँकरची टाकी आणली आणि घर नि विहीर यांच्या मधोमध खड्डा खणून पुरली. आखाडाआधी ती भरली की दिवाळीपर्यंत घोर नसे.

गिरण वाल्मिकच्या नावाची, पण चालवायची सकुबाई. वाल्मिक लग्नकार्यांत, पंचायतीत, माणसांत रमणारा. हँडल मारून इंजीन सुरू करणारी, पट्टा घसरला तर चढवणारी ही. केसांवर कोंड्याची पांढरी पूड आणि इंजिनाच्याही वर जाणारा आवाज. इंजीन गेलं तरी तो आवाज राहिला. शेजारच्या गावात विजेवरची गिरण आली, लोक तिकडे वळले, इंजीन भंगारात गेलं आणि पुढच्या दोन वर्षांत वाल्मिकही गेला. मुलगा आदेश बदलापूरला कारखान्यात लागला, तिथेच त्याचा संसार. इथे उरली सकुबाई, एक म्हैस, थोडी भातशेती आणि सासऱ्यानं सुरुंग लावून खणलेली विहीर.

त्या विहिरीवर वाडीवरची चौदा घरं पाणी भरत. वाडीवर नळ आले होते, पाणी यायचं होतं. घरांतली धडधाकट माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. मागे राहत म्हातारीकोतारी आणि लहान मुलं. या वर्षी सोनीही मागे राहिली होती, कारण तिची सासू गंगी अंथरुणाला खिळली होती.

त्याच संध्याकाळी सकुबाईनं आदेशला फोन केला.

"आपल्या टाकीतलं डिझेल विहिरीत उतरलंय."

पलीकडे थोडा वेळ कारखान्याची घरघर ऐकू आली. मग आदेश म्हणाला, "आये, एक काम कर. टाकी आपली हाय असं कोनाला बोलू नको. सांग, कोनीतरी रस्त्यावर टँकर धुतला."

"टँकर? इथं धड जीप येत नाय."

"तू ऐक ना माझं. सरकारी मदत पायजे असंल तर..."

"मदत पायजेच हाय. खोटं बोलून नको." आणि तिनं फोन ठेवला. पुढे कितीतरी वेळा, कचेऱ्यांच्या बाकांवर बसून, तिला वाटलं की टँकर धुतला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक चांगला माणूस होता; चांगल्या माणसांची अडचण अशी की ते कुणाला 'नाही' म्हणत नाहीत. त्यानं एक फाइल काढली, बोट फिरवत वाचलं. "विहिरीचा गाळ काढणं आहे. विहिरीची दुरुस्ती आहे. खोलीकरण आहे. डिझेल नाही, मावशी."

"मग गाळ म्हना."

"डिझेल तरंगतं. गाळ तळाला असतो. साहेब विचारतील."

"साहेबाला पोहता येतं काय?"

ग्रामसेवक हसला आणि त्यानं तिला मुरबाडला मोठ्या कचेरीत पाठवलं. सकुबाई सकाळच्या जीपनं निघाली. मांडीवर पिशवी, पिशवीत अर्ज, आधार कार्ड, सातबारा, आणि विहिरीच्या पाण्याची बाटली. बूच गच्च लावलं होतं, तरी सगळी जीप तिच्याकडे नाक मुरडून बघत होती.

कचेरीत आपत्तीचं टेबल वेगळं होतं. तिथल्या कारकुनानं तिच्याकडे न बघता शाईचं पॅड पुढे सरकवलं.

"मी सही करते," सकुबाई म्हणाली.

"बरं. नुकसान कशानं? अतिवृष्टी, पूर, वादळ, वीज पडणं, आग. यातलं काय?"

"डिझेल."

"डिझेल नैसर्गिक नाही, आजी."

"ते मलाबी म्हाईत हाय. पन विहीर नासली ती नासलीच ना?"

"नासली. पण नैसर्गिक नाही नासली." त्यानं अर्ज परत दिला आणि पाण्याच्या कचेरीचा रस्ता दाखवला. पाण्याच्या कचेरीत विचारलं, विहीर सार्वजनिक की खाजगी? खाजगी. मग खाजगी विहिरीला सरकार काय करणार? सकुबाईनं सांगितलं, पाणी चौदा घरं पितात. त्यावर तिथल्या बाईंनी सुचवलं की आधी पाणी दूषित आहे याचा दाखला आणा, मग बघू.

"वास घ्या ना, आत्ता बघा," म्हणत सकुबाईनं बाटलीचं बूच काढलं. बाईंनी पदर नाकाला लावला. खिडकी उघडली. पंखा मोठा केला. आणि म्हणाल्या, "वासाचा दाखला चालत नाही. प्रयोगशाळेचा लागतो."

प्रयोगशाळेनं तिची बाटली घेतली नाही. त्यांचीच बाटली हवी, उकळून निर्जंतुक केलेली, वर चिठ्ठी लावलेली. ती घेऊन सकुबाई गावी आली, पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी परत गेली. अहवाल यायला तीन आठवडे लागले. या काळात वाडीवरच्या बायका ओढ्यातल्या डोहावर जाऊ लागल्या. जाऊन-येऊन तासभर. सोनी रोज सकुबाईच्या अंगणावरूनच जायची आणि काहीच बोलायची नाही. ते न बोलणं सकुबाईला शिव्यांपेक्षा जड जाई. एकदा तिनंच हाक मारली.

"सोने, म्हैस धुवायचं पानी आनते मी डोहावरनं, त्यात तुझाबी एक हंडा..."

सोनी थांबली. डोक्यावरचे हंडे तसेच, मान ताठ. "मावशे, तुझ्या टाकीनं आमचं पानी नासलं. आता तू आमच्यासाटी एक हंडा आनशील. नको. गंगी परवापासनं ओकतेय. पयले काही दिवस आमी तेच पानी पीत होतो, वास कमी होता म्हनून." आणि ती चालू लागली.

सकुबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या सकाळी तिनं जीप ठरवून गंगीला मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. सलाइन लागली, म्हातारी तीन दिवसांत सावरली. सोनी दवाखान्यातही तिच्याशी बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी चहा आणला तेव्हा दोन कप आणले.

मग अहवाल आला. पाण्याच्या कचेरीतल्या बाईंनी तो उघडला, वाचला आणि चेहरा खुलवून म्हणाल्या, "बघा, उगाच घाबरलात. जंतू आढळले नाहीत. पाणी पिण्यास योग्य."

सकुबाईला आधी कळेचना. मग कळलं. त्या परीक्षेत फक्त जंतू शोधत होते. डिझेलमध्ये जंतू कशाला जगतील?

"काय म्हनलात?"

"पिण्यास योग्य. शिक्का आहे."

सकुबाईनं पिशवीत हात घातला. बाटली अजून होतीच. टेबलावर पाण्याचा स्टीलचा पेला होता, त्यातलं पाणी तिनं खिडकीतून बाहेर ओतलं आणि विहिरीचं पाणी त्यात भरलं. रंगीत साय पेल्याच्या काठाला जाऊन चिकटली.

"प्या."

"अहो मावशी..."

"शिक्का हाय ना? प्या. मी बसते. तुमी प्यालात की मी घरी जाते, पुन्हा येनार नाय."

मागच्या टेबलावरचा माणूस उठून उभा राहिला. इंजिनावर आवाज चढवायची सवय असलेली बाई बोलली की तीन खोल्यांत ऐकू जातं. शेजारच्या खोलीतून एक तरुण मुलगी बाहेर आली. गळ्यात ओळखपत्र, हातात हेल्मेट. तिनं पेला उचलला, वास घेतला, आणि कुणालाही न विचारता अहवालाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. ती कविता, नवी लागलेली कनिष्ठ अभियंता.

"मावशी, ही चाचणीच चुकीची झाली. तेलाची चाचणी वेगळी असते, ती ठाण्याला होते. मी नमुना पाठवते. पण एक सांगा. टाकी कुणाची?"

आदेशचा आवाज सकुबाईच्या कानात होता. "माझीच," ती म्हणाली.

कवितानं तोंड वाकडं केलं. "तसं लिहावं लागेल मग."

"लिवा."

त्या एका शब्दाचं फळ महिन्याभरात पोस्टानं घरी आलं. मदत नव्हे, नोटीस. जिल्ह्याच्या कुठल्याशा कार्यालयानं विचारलं होतं की विनापरवाना भूमिगत इंधनसाठा करून जलस्रोत दूषित केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. सकुबाईनं ते पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ग्रामसेवकाकडून वाचून घेतलं, आपलं काही चुकत असेल म्हणून. चुकत नव्हतं. ती मदत मागायला गेली होती आणि गुन्हेगार होऊन परतली होती.

आदेश रविवारी आला तो तणतणतच. "सांगितलं होतं ना तुला! आता भोग."

"भोगते. तू कशाला आलास मग?"

"खुलासा लिवायला."

दोघं ओटीवर बसली. आदेशनं लिहिलं की टाकी वडिलांनी पुरली, तेव्हा परवाना लागतो हे माहीत नव्हतं, आता आई वृद्ध आहे. सकुबाईनं 'वृद्ध' खोडायला लावलं. त्याऐवजी लिहून घेतलं की टाकी काढून टाकायला मी तयार आहे, ती कशी काढायची आणि काढून कुठे न्यायची ते कळवावं. या पत्राला उत्तर आलं ते असं, की टाकी व दूषित माती यांची शास्त्रोक्त पद्धतीनं विल्हेवाट लावावी. शास्त्रोक्त म्हणजे काय, हे विचारायला ती चार वेळा गेली. दोनदा साहेब दौऱ्यावर होते. एकदा साहेब होते पण फाइल दौऱ्यावर होती. चौथ्यांदा साहेब आणि फाइल दोन्ही भेटली, आणि साहेब म्हणाले की शास्त्रोक्त म्हणजे नियमानुसार.

फेब्रुवारी उलटला. डोहाचं पाणी उतरू लागलं. तेव्हा कविता स्वतःच एक दिवस स्कूटरवरून उंबरखोऱ्याला आली, ठाण्याचा अहवाल घेऊन. पाण्यात डिझेल आहे, असं आता सरकारनंही मान्य केलं होतं. ती विहिरीत डोकावली, लादी पाहिली, वाडीपर्यंत चालत जाऊन आली, आणि ओटीवर बसून पाणी मागितलं. सकुबाईनं डोहाचं, उकळून गाळलेलं पाणी दिलं.

"मावशी, स्पष्ट बोलते. तुम्हाला मदत मिळायची नाही. टाकी तुमची, विहीर तुमची. कुठल्याच कागदात तुम्ही बसत नाही. पण वाडी बसते. चौदा घरांना दुसरं पाणी नाही, म्हणजे टंचाई. टंचाईत टँकर देता येतो, विहीर उपसून साफ करता येते, बोअरही मारता येते. फक्त..."

"फक्त काय?"

"विहीर पंचायतीची पाहिजे. खाजगी विहिरीवर सरकारी पंप लागत नाही."

सकुबाईनं विहिरीकडे पाहिलं. सासऱ्यानं ती विहीर खणली तेव्हा ती या घरात नवी नवरी होती. सुरुंगाच्या आवाजानं पहिल्या दिवशी ती कोठीत जाऊन लपली होती आणि सासरा हसला होता. पाणी लागलं तेव्हा पहिला हंडा त्यानं तिच्याच डोक्यावर दिला होता.

"माज्या म्हशीला पानी मिळंल ना तिथनं?"

"सार्वजनिक विहीर सगळ्यांची असते."

"म्हंजी माझीबी." तिनं पाय आवरले. "कुठं सही करायची ती सांग."

आदेश या वेळी खरोखर चिडला. जमीन थोडकी, वाडा नाही, एक विहीर तेवढी शिल्लक, तीही देऊन टाकायची? "बापाची निशानी हाय ती, आये!"

"बापाची नाय, आज्याची. बापाची निशानी ती टाकी. ती नेतोस काय बदलापूरला?"

फोनवर पुन्हा कारखान्याची घरघर. मग आदेश म्हणाला, "कर तुला करायचं ते," आणि पुढच्या रविवारी संमतीपत्रावर साक्षीदाराची सही करायला आला. संमतीपत्राचा कागद दोनदा परत आला. पहिल्यांदा गट नंबर चुकला होता, दुसऱ्यांदा नंबर बरोबर होता पण नाव 'शकुबाई' झालं होतं. दोन्ही वेळा तीच जीप, तोच बाक.

टँकर एप्रिलमध्ये सुरू झाला. आठवड्यातून दोनदा. पंप मे महिन्यात आला. विहीर उपसली, भिंती घासल्या, आठ दिवसांनी पुन्हा उपसली. पण टाकी जमिनीत होती तोवर हे सगळं फुकट होतं, आणि टाकी कुठल्याही योजनेत नव्हती. ती तिची तिनंच काढायची होती.

वीटभट्टीवरून माणसं परतली त्या आठवड्यात सोनीचा नवरा सुक्या आणि त्याचा भाऊ भरत कुदळी घेऊन अंगणात उभे राहिले. सकुबाईनं बोलावलं नव्हतं.

"सोनी बोलली," सुक्या म्हणाला. "विड्या आमी घरी ठेवून आलोय."

त्यांनी लादी फोडली. टाकीच्या तोंडाशी जुन्या गोणपाटाचा बोळा होता, कुजून काळा झालेला. आत अजून दोन पिंपं भरतील एवढं डिझेल होतं. वाल्मिकनं कधी रिकामी केलीच नव्हती. पुढच्या हंगामाला लागेल म्हणून ठेवलं असेल. तो हंगाम आला नाही. सकुबाई त्या काळ्या तेलाकडे बघत राहिली आणि तिला नवऱ्याचा असा राग आला की मेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे तिचं तिलाच नवल वाटलं. मग सुक्यानं दोरीला डबा बांधून सोडला आणि पिंपं भरायला सुरुवात झाली. ती पिंपं कविताच्या ओळखीनं एका परवानाधारक तेलवाल्यानं नेली. गावातल्या ट्रॅक्टरला साखळी लावून टाकी ओढली. बुडाला तीन भोकं होती, करंगळी जाईल एवढी.

सोनी हे सगळं कुंपणाशी उभी राहून बघत होती. टाकी वर आल्यावर ती आत आली, खड्ड्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढीशी भोकं गो, मावशे."

"एवढीशीच," सकुबाई म्हणाली. "नि तेवढ्यासाटी सात महिने झाले."

पावसानंतर विहिरीचा वास गेला. तरी कवितानं सांगितलं की अजून दोन वर्षं पिऊ नका, म्हशीला आणि भाजीला चालेल. वाडीच्या तोंडाशी बोअर लागली, हातपंप बसला. पाण्याला लोखंडाची चव आहे, पण पाणी आहे. सोनी आता सकुबाईचाही हंडा तिथूनच भरून आणते आणि ओटीवर ठेवून न बोलता जाते. कधीकधी बोलूनही जाते.

नोटिशीचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही. ती मागेही घेतलेली नाही, पुढेही सरकलेली नाही.

आणि माती. टाकीखालची सगळी काळी माती खणून काढली, ती ट्रॅक्टरच्या चार खेपा झाली. शेतात टाकता येत नाही, ओढ्याला टाकता येत नाही. निळ्या ताडपत्रीखाली ती अंगणात पडून आहे, वर दगड ठेवलेत. ती कुणी न्यायची, कुठे न्यायची, कुठल्या कागदावर न्यायची, यावर दोन कार्यालयांत पत्रं चालू आहेत. एक म्हणतं ही जबाबदारी तुमची, दुसरं म्हणतं तुमची. एकदा एक माणूस येऊन ताडपत्रीचा फोटो काढून गेला. एकदा कुणीतरी फोन करून विचारलं की माती ओली आहे की कोरडी. सकुबाई म्हणाली, येऊन हात लावून बघा.

कविताची बदली झाली. जाताना तिनं पुढच्या माणसाचं नाव आणि फाइलचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी सकुबाईच्या पिशवीत आहे. येत्या सोमवारी ती पुन्हा मुरबाडला जाणार आहे, सकाळच्या जीपनं. या वेळी तिनं बाटली घेतलेली नाही. डब्यात दोन मुठी माती घेतली आहे, आणि सोनीला सांगून ठेवलंय की म्हशीला दुपारी पाणी दाखव, मला यायला किती वाजतील ते त्या कचेरीवर आहे.